कव्हराखालची गाडी

नाही बेटा, हा लाल डबा नको, हा फार मोठा आहे — त्यातला लहान दाखव, एवढासा, कणकेच्या डब्यात मावला पाह्यजे असा. हसू नको. आणि तू हिंदीतच बोल, मला समजते — वैभवी नं तू, आपल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आईसोबत येते ती? मराठी सगळं समजते आणि बोलायची लाज वाटते, आमच्या सुनेचंही तसंच आहे. तर हे बंद गाडी सुरू करायचं यंत्र, जंप स्टार्टर — हे माझ्यासाठी नाही बरं का, भाच्यासाठी घेऊन राहिली मी. अंबरीश म्हणून आहे, शहपुऱ्याला राहतो. रोज सकाळी त्याच्या गाडीची बॅटरी उतरलेली असते — चावी फिरवली की नुसतं कट कट कट, मग तेही बंद. पेट्रोलची आहे, लहान, पांढरी, बारा वर्षांची. त्याला किती ताकदीचं लागते ते तू पाहा, मला एवढंच सांग — हे वाजते का? काही यंत्रं चालू केली की अख्ख्या गल्लीला सांगतात, तसलं नको. कणकेचा डबा काहून? अगं, भाच्याच्या घरी कणकेचा डबा नसते का?

अच्छा, हा लाल चिमटा बॅटरीच्या अधिकवर, काळा उणेवर, आणि मग चावी फिरवायची — एवढंच? आणि उलटं लावलं तर? यंत्र सुरूच होत नाही? हे बरं आहे बापा, कारण बोनेटखाली वाकलं की माझा चष्मा घसरते — म्हणजे अंबरीशचा. आणि या डब्यालाही चार्ज करत जायचं? दोन-तीन महिन्यांनी एकदा? ते जमेल, मिक्सरच्या प्लगला लावीन, तिकडे कोणी पाहत नाही. वेळही पुरते मला — सहा ते सात हे फिरायला जातात, सून नऊशिवाय उठत नाही, तेवढ्यात गाडी सुरू करायची, वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवायची, डबा कणकेत, अन् हे आठ वाजता चावी फिरवतील तेव्हा —

काय पाहून राहिली अशी? चलो, ठीक आहे. भाचा नाही. गाडी आमचीच आहे. आईला सांगू नको.

ऐक. आमचे हे फॅक्टरीत इन्स्पेक्टर होते, चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या. आता रिटायर झाले तर चुका काढायला एक गाडी आणि एक मी. बॅटरी उतरायला लागली तशी यांनी वही सुरू केली — सकाळी, दुपारी, संध्याकाळी मीटर लावून मोजायचं आणि ग्राफ काढायचा. ग्राफमध्ये काय निघालं? दुपारी दोन ते चार बॅटरी पडते. रोज. मंगळवार सोडून. हे म्हणाले, उन्हाचा परिणाम आहे. मग मंगळवारी ऊन नसते का? तर म्हणे मंगळवारचा अभ्यास चालू आहे. आमचा मेकॅनिक नथ्थू, रोज येऊन बॅटरी चार्ज करून देतो तो, म्हणाला, साहब, मंगल को हनुमानजी का दिन है — तर यांनी तेही वहीत लिहून ठेवलं, पेन्सिलनं. मंगळवारी आमची भिशी असते, दुपारी मी घरीच नसते, एवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मग नथ्थूला सीटखाली मुंग्या सापडल्या. मुंग्यांनी वायर कुरतडली म्हणून त्यानं अर्धी गाडी उघडली. मुंग्या कशाच्या, ते मला माहीत — खोव्याच्या जिलेबीच्या.

हो, मीच. दुपारी मी गाडीत बसते. अंगणात कव्हर घालून उभी असते, एका बाजूनं कव्हर उचलायचं, आत शिरायचं, काच थोडी खाली ठेवायची — गुदमरायला नको — आणि वरचा दिवा लावायचा, रेडिओ लावायचा, जिलेबी खायची. डॉक्टरनं गोड बंद केलंय. चोरी आहे का ही? गाडी घरची, जिलेबी माझ्या पैशाची. घरात कुठं बसू तू सांग? हॉलमध्ये यांची गणिताची ट्यूशन, अठरा मुलं. आमच्या खोलीत अवंतीचं ऑफिस — सून माझी, चांगली आहे, पण दिवसभर लॅपटॉपवर बोलते, मी कपाट उघडलं तरी हात जोडते. स्वयंपाकघरात मी बसले की सगळ्यांना चहा आठवते. एकतीस वर्षं झाली लग्नाला, बेटा, मी कधी दार आतून लावून बसले नाही. गाडीचं दार लावते, कुलूप खट्ट वाजते — इतकं बरं वाटते. रडू पण येते एखाद्या दिवशी, पण ते बऱ्यातलंच.

म्हणूनच हे घ्यायचं आहे. कारण हे आता चिडलेत, गाडी विकतो म्हणतात. या रविवारी अकरा वाजता कटनीहून गिऱ्हाईक येऊन राहिलंय. मी म्हटलं, सकाळी गुपचूप सुरू करून ठेवते, मग हे चावी फिरवतील, गाडी झटक्यात सुरू, मग कोण विकते? यांनी तर त्या माणसाला फोनवर साफ सांगितलं, मी काही लपवत नाही, बॅटरीची तक्रार आहे — पण तुमच्यासमोर सुरू झाली तर लगेच घेऊन जा.

थांब. पॅक नको करू.

सुरू झाली तर घेऊन जाईल नं तो?

अगं बाई. आठ दिवस मी हेच ठरवून राहिली, रात्रंदिवस, आणि हे सुचलंच नाही. ठेव, ठेव ते कपाटात. काय? अंकलला सरळ सांगून टाका? काय सांगू — की तुमच्या या चार खोल्यांच्या घरात मला बसायला जागा नाही? सांगितलं तर ऐकतील, वाईट नाहीत ते. चटई टाकून देतील गच्चीवर, वर येऊन दर दहा मिनिटांनी विचारतील, बरी आहेस नं. नाही बेटा. मला ते नको. मला कोणी न विचारलेलं पाह्यजे.

तो मागे काय आहे, पंखा? गाडीत लावायचा, तिच्याच बॅटरीवर चालणारा? तो काढ. नाही, कमी खाणारा नको. सगळ्यात जास्त बॅटरी खाणारा दे. आज शुक्रवार आहे, रविवार अकराच्या आत संपली पाह्यजे. पिशवी राहू दे, पदराखाली धरते. जा, तुझं दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.