पोलंडच्या यॉटला फोडलेला नारळ

आईशप्पथ, शब्द न् शब्द खरा आहे. एखादा पदरचा असेल तेवढाच. कुवेतमधल्या आमच्या मालकाने पोलंडहून नवीकोरी फायबरची यॉट मागवली. ती पाण्यात सोडण्याआधी मी भक्तिभावाने तिच्या नाकावर नारळ हाणला, तर तिलाच वीतभर तडा! आता व्हिसा रद्द, नाशिकचं तिकीट नक्की. तेवढ्यात यॉटबरोबर आलेला पोलिश इंजिनिअर धावत आला.

"काय करतोयस?"

"नारळ फोडतोय, साहेब. शुभ असतं."

"आम्ही बाटली फोडतो. इथे दारूबंदी, म्हणून मी धास्तावलो होतो. फुटला ना? न फुटणं फार वाईट!"

"फुटला, साहेब!"

"मग तडा मी बुजवतो. मालकाला सांगू नकोस."

यातलं 'फुटला' तेवढं खोटं. नारळ शाबूत माझ्या पाठीमागे होता, आणि पहिल्या फेरीला मालकाने शेजारी मलाच बसवलं.