मेणबत्तीएवढं मन

...आणि मला म्हणतो, ‘तुमचं मन ढळलं आहे!’ मला! चौतीस वर्षं गुन्ह्यांच्या बातम्या लिहिणाऱ्या माणसाला! अहो, शवागाराच्या दारात उभं राहून मी चहात बुडवून बिस्किटं खाल्लीत, आणि हळहळ वाटली असेल तर ती फक्त शेवटचं बिस्किट कपात बुडालं तेव्हा! आणि हा वीतभर डबा मला शहाणपण शिकवणार. मन ढळलं म्हणे!

आता तुम्ही विचाराल, या वयात व्हिडिओ गेमच्या नादाला लागलात कशाला? मी लागलो? लावलं! आमच्या संपादकबाईंनी. वयानं माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या, आवाज मात्र मुख्याध्यापिकेचा. “सर, तरुण वाचक हवेत. एक भुताटकीचा गेम आलाय, गुप्तहेराचा. गुन्हे तुमचा प्रांत. पहिलं प्रकरण सोडवा आणि शुक्रवारी पाचपर्यंत सहाशे शब्द द्या. नाही सुटलं तर तुमची रविवारची जागा शिक्षणवाल्याला देते.” शिक्षणवाल्याला! जो माणूस ‘परीक्षा सुरळीत पार’ एवढं लिहून घरी जातो त्याला! एकोणीस वर्षं तिथे माझं सदर आहे, तुम्हाला सांगतो, एकदा चुकलं नाही, दाढ काढली त्या आठवड्यातसुद्धा...

तर शुक्रवारी सकाळीच मुलीच्या खोलीत ठाण मांडलं. ती घरूनच काम करते, म्हणजे तिचा एक डोळा तिच्या कामावर आणि एक माझ्या अब्रूवर. गेम असा, की एक बंद पडलेलं हॉटेल आहे, मालक जिन्याखाली मरून पडलाय आणि आपण गुप्तहेर. पडद्याच्या कोपऱ्यात एक मेणबत्ती. ती म्हणजे आपलं मन! भयंकर काही पाहिलं की ती वितळते, आणि संपली की लागलं वेड, खेळ खलास.

मुलगी म्हणाली, “बाबा, प्रेताकडे बघायचं, पुरावा उचलायचा आणि पटकन नजर फिरवायची.” नजर फिरवायची? बातमीदारानं? मी आणखी जवळ गेलो! कोणत्या बुटाची नाडी सुटलीय, घड्याळ कितीला थांबलंय, खिशात काय आहे, सगळं वहीत उतरवत बसलो, आणि वर बघतो तर काय, मेणबत्ती निम्मी! भिंतीवरच्या तसबिरी दात विचकतायत, दारं जागा बदलतायत...

“बाबा! किती वेळ बघत बसलात!”

“अगं, त्याची उंची लिहायची राहिलीय!”

मन ढळलं म्हणे! अरे, उंचीशिवाय बातमी जाते का?

बरं, ढळलेलं मन जाग्यावर आणायचं कसं? तर खिडकीशी उभं राहून एक मोठा श्वास घ्यायचा. बस्स! माझी पहिल्या पानाची बातमी कापून तिथे गाद्यांची जाहिरात छापली, त्या दिवशी हे कुणी सांगायला हवं होतं. सहा खिडक्या वापरल्या असत्या मी!

पुढे अकरा नंबरच्या खोलीत एक सफाईवाली भेटली. मेलेली होती, पण बोलायला फार चांगली. कुजबुजली, “साहेब, मालकाला मॅनेजरनं ढकललं. मी पाहिलं. पण माझं नाव येऊ देऊ नका हो... त्याला कळलं तर तो मला या भिंतीत कायमची चिणून टाकेल.” आता तुम्हीच सांगा, एवढी खबर देणाऱ्या बाईला शब्द द्यायचा नाही? दिला!

पाचला वीस कमी. गेलो फौजदाराकडे. टेबलावर पाय, तोंडात काडी. “हं. मॅनेजरनं मारलं, मान्य. पण तुला हे सांगितलं कोणी?” आणि खाली तीन नावं. आचारी. माळी. सफाईवाली. चौथं काही नाही! ‘सांगणार नाही’ हा पर्यायच नाही, आणि उत्तर देईपर्यंत मेणबत्ती वितळत राहणार! अहो, खऱ्या फौजदारानं मला चार तास बसवून ठेवलं होतं, पंखा बंद करून, तेव्हासुद्धा मी नाव सांगितलं नव्हतं, आणि हा काडी चघळणारा मला विचारणार?

“बाबा, सफाईवाली दाबा.”

“शब्द दिलाय.”

“मग माळी दाबा!”

“आणि त्या बिचाऱ्याला अटक झाली तर?”

“बाबा, चित्र आहे ते! मेणबत्ती बघा! सदर जाईल तुमचं!”

खोटं कशाला सांगू, बोट गेलं हो बटणावर. डोळ्यांपुढे शिक्षणवाल्याचा चेहरा आला, एकोणीस वर्षं आली... आणि ती बाई आली, भिंतीला पाठ लावून उभी. काढलं बोट! फौजदाराला शिंगं फुटली, टेबलातून हात बाहेर आले, मेणबत्ती थेंबाथेंबानं गळतेय आणि मी आपला ढिम्म. विझली. ‘तुमचं मन ढळलं आहे. प्रकरण अनिर्णित.’ मन ढळलं म्हणे! उभ्या खेळात न ढळलेलं तेवढंच होतं!

उरलेल्या सोळा मिनिटांत लिहिलं. घडलं तेच लिहिलं. हरलो, का हरलो, आणि हा खेळ बनवणाऱ्याला कुठल्याही वर्तमानपत्रानं दारात उभं करू नये. पाचला दोन कमी असताना पाठवलं आणि सदराला मनातल्या मनात हात जोडले.

सोमवारी बाईंचा फोन. “सर, रविवारपासून पत्रांचा ढीग आलाय! सदर तुमचंच!”

मी म्हटलं, “शेवटी तत्त्व जिंकलं!”

“तत्त्व ठीक आहे हो, पण लोक हसून हसून मेले. आता दर आठवड्याला एक गेम. सदराचं नवं नाव, ‘आजोबा हरले!’”

“मॅडम, मला नातवंडं नाहीत!”

“चालतं हो. फक्त दर वेळी हरा. आणि फोटोवाला येतोय, चेहरा घाबरलेला हवा.”

मी ठणकावून सांगितलं, “चौतीस वर्षांत मी घाबरलेलो नाही.”

“बरं, पुढचा गेम सांगते. जुळी तान्ही बाळं सांभाळायची. दोघं एकदम रडतात.”

फोटो पहिल्याच फटक्यात उत्तम आला म्हणतात.