सहा स्पीकर, तीन स्क्रीन आणि एक स्टूल

...आणि वर मलाच विचारतात, "पण तुम्ही मोजलं नव्हतं का?" मोजलं नव्हतं का! अहो, तुम्हाला सांगतो, लग्नात अंगठीचं माप चुकलं, मान्य, ती अंगठी बायको आजही करंगळीत घालते, पण स्टुडिओ? स्टुडिओ मोजला होता मी! टेपने मोजला, फूटपट्टीने मोजला, दोरा बांधून मोजला, रात्रभर थंडी पडली तर दोरा आखडला असेल म्हणून सकाळी पुन्हा मोजला... आणि लोक म्हणतात मोजलं नव्हतं का!

आता मी काय करतो ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस दोरा घेऊन घरभर का फिरतो. मी सिनेमाला आवाज लावतो. म्हणजे पडद्यावर दार लोटलं की करकर वाजली पाहिजे, आणि दार पाठीमागे असेल तर करकर पाठीमागून आली पाहिजे. पण सिनेमा मिळतो कुणाला? अकरा वर्षं एका तळघरातल्या स्टुडिओत दुसऱ्याच्या हाताखाली जाहिराती केल्या. साबणाचा फेस! फेसाला आवाज असतो का, तुम्हीच सांगा? नसतो. मी लावला. शेवटी एक दिवस उठलो, म्हटलं, पुरे झाला फेस, आता घरीच स्टुडिओ लावायचा आणि सिनेमाच करायचा.

घरात जादा खोली एकच. तीही जादा नव्हतीच, तिथे दुपारी आई खिडकीशी स्टुलावर बसून क्रोशा विणायची, आणि बायकोला तिथे शिलाई मशीन आणायचं होतं, कारण मशीन स्वयंपाकघरात, आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला फोडणीचा वास. बायको म्हणाली, "एक वर्ष देते. वर्षात एक सिनेमा मिळाला तर खोली तुमची. नाही मिळाला तर वर्ष संपेल त्या रविवारी सकाळी माझं मशीन आत, तुमचे खोके बाहेर." रविवार! तारखेसकट! आणि अख्खं वर्ष कोरडं गेल्यावर शेवटच्या आठवड्यात एका दिग्दर्शकबाईंचा फोन. "शनिवारी अकराला येते. एक प्रसंग लावून दाखवा. पटलं तर अख्खा सिनेमा तुमचा." म्हणजे शनिवारी सिनेमा, नाहीतर रविवारी मशीन, आणि सोमवारी मी पुन्हा तळघरात, फेसापाशी!

मग मी खोली उचकटली. सगळं नव्याने. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि कोपऱ्यात तो जाडा, जो बोलत नाही, नुसता गुरगुरतो. हे सगळे एका जागेकडे तोंड करून ठेवायचे. खोलीत अशी एकच जागा असते, जिथे सगळे आवाज एकाच वेळी पोचतात. वीतभर इकडेतिकडे झालात की संपलं. ती जागा म्हणजे माझी खुर्ची. चाकांची, फिरणारी, डोक्याला टेकण असलेली, वर्षभर जपलेली खुर्ची! तिच्या टेकणाला दोरा बांधला आणि प्रत्येक स्पीकर बरोबर सहा फूट दोन इंचांवर. एक पाव इंच पुढे होता, त्याला मागे घेतला. मोजलं होतं मी!

वायरमन आला. भला माणूस, पण त्याच्याजवळ वाक्य एकच. "होऊन जाईल, साहेब." म्हटलं, या वायरी भिंतीतून मागे न्यायच्यात. "होऊन जाईल, साहेब." मधे तुळई आहे. "होऊन जाईल, साहेब." ड्रिलने पाइप फुटला. पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या चष्म्यावर, आणि चष्म्याआडून शांतपणे, "होऊन जाईल, साहेब"! अहो, झालंच की! आता काय व्हायचं राहिलंय?

मग स्क्रीन. दोन टेबलावर कामाच्या, एक मोठी भिंतीवर, सिनेमा बघायची. वायरमनने भिंतीवरची टांगली, मी पट्टी लावली, पाणसळ लावली, पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध. तेवढ्यात आई आली. आईचं वय शहात्तर, उजवा कान जवळजवळ गेलेला, दोन वर्षांत दाराची बेल ऐकलेली नाही. एक डोळा मिटला, हात पुढे करून दोन बोटं धरली आणि म्हणाली, "उजवीकडे दोन बोटं खाली आहे." म्हटलं, आई, पाणसळ आहे ही! "असेल. दोन बोटं खाली आहे." वायरमनने हळूच खालून हात लावला. स्क्रू सुटला होता, स्क्रीन लोंबली होती. मोजली. दोन बोटं! माझ्या नव्हे, आईच्या बोटांनी!

आणि काम कधी आवरायचं? मी पाठ फिरवली की मधल्या स्पीकरवर क्रोशाचा रुमाल. काढला. जेवून आलो, पुन्हा रुमाल. "अगं आई, आवाज अडतो त्याने!" "आणि धूळ बसते तिचं काय?" काढला. तासाभराने त्या जाड्याला टोपी. क्रोशाची! मापात! कधी विणली, कोण जाणे. बायको दारात उभी राहून खोलीवर नजर फिरवतेय, आणि नजर कशी, तर मशीन कुठे बसेल ते बघणारी. म्हणते, "मागचे ते दोन स्टँड काढू नका हं, कपडे लटकवायला बरे आहेत." अजून शुक्रवार होता! माझ्या जिवंतपणी वाटणी!

शुक्रवारी दुपारी शेवटचं काम. खोली जुळवायची. खुर्ची बाजूला सारायची, खुर्चीत माझं डोकं जिथे असतं बरोबर तिथे स्टँडवर मापाचा माइक उभा करायचा आणि बटण दाबायचं. एक मिनिटाने प्रत्येक स्पीकर पाळीपाळीने सुंईऽऽ करून ओरडतो, यंत्र ते माइकमधून ऐकतं आणि सगळ्यांना शिस्त लावतं, तू थांब, तू हळू बोल, तू आधी बोल... असं करून सगळे आवाज माइकच्या जागी गोळा करतं. त्या वेळी खोलीत चिटपाखरू नको. मी घरभर बजावून सांगितलं, "सुंई सुरू झाली की कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही!" बटण दाबलं, बाहेर आलो, आणि पॅसेजमध्ये ओठांवर बोट ठेवून नऊ मिनिटं पुतळ्यासारखा उभा. बायकोने फोडणी रोखून धरली होती, फोडणी! आत गेलो. माइक जागच्या जागी. यंत्राने अंतरं दाखवली, ती माझ्या सहा फूट दोनशी जुळेनात. पुढचे स्पीकर लांब दाखवतंय, मागचे जवळ. म्हटलं, असेल, यंत्र आहे, भिंतीबिंतीचा हिशोब धरत असेल. शेवटी मोजलं होतं मी!

शनिवार. अकराला पाच कमी. दिग्दर्शकबाई आल्या. उंच, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. पाणी? "नको." चहा? "नंतर." थेट माझ्या खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले. मी बाजूला उभा. बायको दारात. आई मागे, खिडकीशी, आपल्या स्टुलावर, क्रोशा चालू. तिला म्हटलं होतं, बाहेर बस. म्हणाली, "मला कुठे ऐकू येतंय? बसते गप."

प्रसंग असा की एक म्हातारा घरात एकटा आहे. पाठीमागे जिन्यावर पावलं येतात, किल्ल्या पडतात, दारावर टकटक होते. बास. सुरू केलं. बाईंचे डोळे मिटलेले. पावलं आली. बाई म्हणाल्या, "हं." हं म्हणजे काय? चांगलं हं, की वाईट हं? पुन्हा लावायला सांगितलं. "हं... पावलं मागून नाही येत. माझ्या कानाशीच चालतायत." आणि मग, तुम्हाला सांगतो, हे असं वाक्य. "आवाज जमतोय, पण माझ्याजवळ नाही. मागे कुठेतरी जमतोय." मागे! मी म्हटलं, बाई, मोजलंय मी! त्या म्हणाल्या, "असेल." बायकोने मान खाली घातली. खरं सांगतो, तिचं मशीन आत यायचं होतं, पण त्या क्षणी तिलाही ते नको होतं. बाईंनी पर्स उचलली. अकरा वर्षं फेसाला आवाज लावणारा मी, खिशातला दोरा काढून पुन्हा मोजायला लागलो!

प्रसंग तसाच चालू राहिला होता. किल्ल्या पडल्या. टकटक झाली. आणि मागून आई म्हणाली, "अरे, कुणीतरी आलंय! तुम्हा कुणाला ऐकू येत नाही का?" स्टूल सरकवलं, क्रोशा ठेवला आणि गेली दार उघडायला!

आई! जिला दोन वर्षं बेल ऐकू आली नाही, ती! दार उघडलं, बाहेर कुणी नाही, तर जिन्यात वाकून विचारतेय, "कोण आहे? या ना, वर या!" बाई जागच्या जागी थांबल्या. पर्स खाली ठेवली. सरळ मागे गेल्या आणि आईच्या स्टुलावर बसल्या. "पुन्हा लावा." लावलं. डोळे मिटले. पावलं आली, तशी बाईंनी खांदा आत घेतला, कुणी घासून जातंय असा. किल्ल्या पडल्या आणि बाई... अहो, बाई खाली वाकल्या! डोळे मिटून, हाताने जमिनीवर किल्ल्या चाचपायला लागल्या! मग डोळे उघडले, हाताकडे बघितलं आणि हसल्या. "मी तीन स्टुडिओ ऐकून आले. कुठेच वाकले नाही. सिनेमा तुमचा."

सिनेमा माझा! मी बायकोला मिठी मारली, बायकोने मला मारली, वायरमन वायर न्यायला आला होता, त्यालाही मारली, तो म्हणाला, "होऊन गेलं, साहेब!" आणि मी रडलो. लपवत नाही. दिग्दर्शकबाईंसमोर, क्रोशाच्या रुमालात रडलो.

मग चहा घेता घेता उलगडा झाला. शुक्रवारी बटण दाबलं त्या एका मिनिटात आई गॅलरीच्या दाराने आत आली होती, कपाटातलं दोऱ्याचं रीळ घ्यायला. माइकचं स्टँड कपाटाच्या वाटेत. तिने ते उचललं, तेवढ्यात सुंई! "तूच म्हणालास ना, सुंई झाली की हलायचं नाही? मग बसले स्टुलावर, ती काठी अशी कानाशी धरून. नऊ मिनिटं! श्वाससुद्धा हळू घेतला. झाल्यावर होती तिथे ठेवली." म्हणजे सहाही स्पीकर, तीनही स्क्रीन, वर्षभराची मेहनत, सगळं माझ्या खुर्चीभोवती मोजलेलं आणि यंत्राने जुळवलेलं मात्र आईच्या डाव्या कानाला! यंत्र मला अंतरं दाखवून सांगत होतं, अरे बाबा, बघ! पण नाही, मोजलं होतं ना मी!

म्हटलं, काही हरकत नाही, माइक पुन्हा खुर्चीपाशी लावतो, पुन्हा जुळवतो, दहा मिनिटांचं काम. बाई कप खाली ठेवून म्हणाल्या, "खबरदार. सिनेमा पूर्ण होईपर्यंत इथलं काही हलवायचं नाही. स्टूलसुद्धा." बायको म्हणाली, "ऐकलंत ना?" तिने रविवारी मशीन आणलं, पण आमच्या झोपायच्या खोलीत. म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द. खोली तुमची."

तर खोली माझी, सिनेमा माझा, आणि गेले चार महिने मी आईच्या स्टुलावर बसतो. गुडघे हनुवटीला लागतात, पाठीला टेकण नाही, की-बोर्ड मांडीवर, पण आवाज... अहाहा, तुम्हाला काय सांगू! आई कुठे? आई माझ्या खुर्चीत. टेकणाला रुमाल लावून. विणता विणता पायाने रेटा देते आणि गिरक्या घेते. काल सगळ्यात मोठा प्रसंग जमला, अंगावर काटा आला, आणि ती अर्ध्या गिरकीत थांबून म्हणते, "अरे, जरा कमी कर." म्हटलं, किती कमी करू? तिने हात पुढे केला आणि दोन बोटं धरली.

केला. दोन बोटं. मोजून.