पितळी पाटी

यंत्रांच्या इंग्रजीचा विषय निघाला की माझी मान आजही खाली जाते. निजामाच्या राज्यात राणीसावरगावात विहिरीवर पहिलं इंजन आमचं. ते बंद पडलं आणि उभा ऊस वाळायला लागला. वडिलांनी परभणीहून मिस्त्री आणला.

तुटलेला पुर्जा बाजूला काढून मिस्त्री पुर्ज्यांच्या नावांचं पुस्तक उघडत म्हणाला, “मालक, इंजन विलायतचं हाय का अमेरिकेचं? दोघांचं इंग्रजी येगळं. एकाच पुर्ज्याला तिकडं एक नाव, हिकडं दुसरं. चुकीचा पुर्जा मागवला तर ऊस हातचा जाईल. इंजनावर पितळी पाटी आसती. तिच्यावर समदं लिहिलेलं आसतं.”

मी छाती काढून पुढं झालो. “हाय की! दर दसऱ्याला पूजेआधी मीच घासतो, चिंच अन् राख लावून. सोन्यावानी चमकती.”

मिस्त्रीनं पाटीवरून बोट फिरवलं. एकही अक्षर उरलं नव्हतं.

“लय भक्ती केली, धाकले मालक.”

वडिलांनी सालगड्याला हाक मारली. “मोट काढ. एका बाजूला बैल जुंप, दुसऱ्या बाजूला ह्याला.”

सगळे हसले. वडील हसले नाहीत.