चौदसीचा घास

सिराजोद्दीन : हयात की मयत, बेटी? तिसरं खानं ह्या फॉर्मात छापलेलंच न्हाई.

बेबीनंदा : दोन्ही न्हाई, चाचा. बाबा गेलेत. कुठं गेलेत ते माहीत न्हाई.

सिराजोद्दीन : मला कळतंय ते. विद्यापीठाला कळत न्हाई. बावीस वर्षं झाली ह्या कॉलेजच्या खिडकीत बसून, पण असा पालक पहिल्यांदाच आला. कमावता पालक मयत असंल तर फी माफ. हयात असंल तर फी भर. बेपत्ता म्हणायचं तर पोलिसांची पावती लाव. आन जल्दी कर, माफीच्या अर्जांचा हा गठ्ठा पाच वाजता औरंगाबादला निघतो.

बेबीनंदा : आज न्हाई झालं तर?

सिराजोद्दीन : उद्या हजेरीतून नाव कमी. बीएस्सीचं दुसरं वर्ष इथंच संपलं.

बेबीनंदा : मंग मला घरी कोण ठेवतंय? काकूनं भोकरदनचं स्थळ बघूनच ठेवलंय.

सिराजोद्दीन : रडू नको. पोलिसांची पावती हाय का?

बेबीनंदा : काकांजवळ हाय. साखर कारखान्याकडच्या ठाण्यात त्यांनीच नोंद केल्ती. खाली माझ्या मार्कमेमोचे झेरॉक्स काढायला गेलेत, येतीलच.

सिराजोद्दीन : बराबर. तवर हकीगत लिहून काढू. तू सांग, मी लिहितो. माझं अक्षर तिकडं चालतं. वडिलांचं नाव?

बेबीनंदा : भुजंग. राहणार हसनाबाद. गावात न्हाई, वस्तीवर राहतो आम्ही, शेतात. बाबा आन कारभारीकाका दरसाल ऊसतोडीला अंकुशनगरकडं जायचे. त्या साली दिवाळीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. बाबा वाटणी मागत होते. तरी टोळी एकच, म्हणून संगंच गेले.

सिराजोद्दीन : वाटणीचं लिहीत न्हाई. पुढं?

बेबीनंदा : पंचाण्णवच्या फेब्रुवारीत काका एकटेच परत आले. बाबांची वळकटी आन कोयता घेऊन. म्हणले, वीस तारखेला सोमवारी पहाटे उठून बघतो तर भाऊ जाग्यावर न्हाई.

सिराजोद्दीन : कोयता ठेवून गेला?

बेबीनंदा : हां. काकांनी धुऊन-पुसून आणला. आमच्या दाराच्या वर लटकवलाय.

सिराजोद्दीन : तोडणीवाला माणूस कोयता ठेवून निघून जातो?

बेबीनंदा : आईबी हेच म्हणली. काका म्हणले, वैराग्य आलं असंल, नाशिककडं साधूंमधी गेला असंल. वीस महिने झाले. आई रोज सकाळी कुंकू लावती आन रस्त्याकडं तोंड करून बसती. तिला कुणी 'गेला' म्हणलं की अंगावर धावून जाती.

सिराजोद्दीन : अल्ला रहम करे. पण बेटी, फॉर्म पंधरा दिवसांपासून वाटून राह्यलो मी. आज शेवटच्या दिवशी आलीस?

बेबीनंदा : गेल्या शुक्रवारीच येणार होते. घरी पित्तर निघालं. काकू एकटी, सैपाकाला मला थांबवून घेतलं.

सिराजोद्दीन : आज्याचं असंल.

बेबीनंदा : आज्याचं पंचमीला झालं. हे चौदसीला होतं. काकांच्या कुणी लांबच्या मामाचं, असं काकू म्हणली.

सिराजोद्दीन : चौदसीला?

बेबीनंदा : हां. का?

सिराजोद्दीन : काही न्हाई. मस्तगडला आमच्या भिंतीला भिंत लावून तातेराव राहतात. त्यांच्या घरात सगळ्यांचं पित्तर आपापल्या तिथीला असतं. एका थोरल्या भावाचंच तेवढं चौदसीला.

बेबीनंदा : का बरं?

सिराजोद्दीन : त्याला बाजारात चाकू मारला होता. घातचौदस म्हणतात तिला. हत्यारानं गेलेल्याचा दिवस. तू तुमच्यातली असून तुला माहीत न्हाई?

बेबीनंदा : आमच्या घरात तसं कुणी गेलंच न्हाई, चाचा.

सिराजोद्दीन : मंग तो मामा कसा गेला?

बेबीनंदा : विचारलं न्हाई. नाव बी ऐकलं न्हाई त्यांचं कधी. पण पान बघून मलाच हसू आल्तं. गवारीची भाजी, लसणाची चटणी, आन कडंला बिडीचा बंडल. म्हणलं, हा मामा तर बिलकुल आमच्या बाबांसारखाच...

सिराजोद्दीन : बोल.

बेबीनंदा : मेलेल्याच्या आवडीचं ठेवतात पानात.

सिराजोद्दीन : मला ठाऊक हाय. पुढं काय झालं?

बेबीनंदा : काका घास घेऊन माळवदावर गेले. कावळा शिवंना. बाकीच्या पानांवर झडप घालतात मेले, ह्या पानाकडं बघंनात. दुपार कलली. जेवायला बोलावलेला माणूस उपाशी बसलेला. काका वरच, घामाघूम. मी पाण्याचा तांब्या घेऊन शिडी चढले. काका हात जोडून बोलत होते.

सिराजोद्दीन : काय बोलत होते?

बेबीनंदा : "पोरीचं कॉलेज बंद पडू देणार न्हाई. शब्द देतो." तेवढं म्हणले आन कावळा आला.

सिराजोद्दीन : आन आज तुझ्याबरोबर फॉर्म भरायला आले.

बेबीनंदा : मला वाटलं, देव पावला. दोन वर्षं माझ्या पुस्तकांना नावं ठेवणारा माणूस सकाळी आपणहून फटफटी काढतो आन म्हणतो, चल बेबी, तुझी फी माफ करून आणू. चाचा...

सिराजोद्दीन : हां बेटी.

बेबीनंदा : लांबच्या मामाला माझ्या कॉलेजचं काय?

सिराजोद्दीन : हळू बोल. आन पाणी पी आधी.

बेबीनंदा : त्यांना ठाऊक हाय. वीस महिने त्यांना ठाऊक हाय. आई तिकडं वाट बघत बसती आन ते येऊन तिच्या हातचा चहा पितात.

सिराजोद्दीन : जिन्यावर कुणीतरी हाय. तोंड पूस. फॉर्म पुढं ओढ आन काहीतरी लिहीत राहा.

कारभारी : झाला का न्हाई फॉर्म, भाईसाब? झेरॉक्सवाल्याची लाइट गेल्ती, तासभर उभं केलं त्यानं. बेबी, हे घे, गरम भजी आणलीत तुला. सकाळपासून पोटात काय न्हाई पोरीच्या.

बेबीनंदा : भूक न्हाई, काका.

कारभारी : खा गं. डोळे का लाल झाले?

सिराजोद्दीन : मी बोललो तिला. उशिरा आली म्हणून. कारभारीभाऊ, तेवढी पोलिसांची पावती द्या.

कारभारी : पावती व्हय? औंदाच्या पावसात भिजून लगदा झाला तिचा. माळवद गळतंय आमचं.

सिराजोद्दीन : नंबर आठवतो? ठाण्यात कागद पाठवून नक्कल मागवतो मी.

कारभारी : कशाला त्यांच्या नादी लागता? म्हणत्याल, सापडला की कळवू. तुम्ही आपलं बेपत्ता लिहा.

सिराजोद्दीन : पावतीबिगर बेपत्ता लिहिता येत न्हाई. हयात लिहितो. फी भरून टाका.

कारभारी : हंगाम सुरू व्हायचाय अजून. मुकादमाकडून उचल मिळाल्याबिगर हातात दमडी न्हाई. आन माफी व्हायलाच पाहिजे, भाईसाब. म्या शब्द दिलाय.

सिराजोद्दीन : कुणाला?

कारभारी : हिच्या आईला.

बेबीनंदा : आई तर तसं काही बोलली न्हाई.

कारभारी : तू मधी तोंड घालू नको. भाईसाब, दुसरी काही वाट असंल ना? एवढी वर्षं बसलात हितं.

सिराजोद्दीन : हाय की. पण तुम्हाला पटायची न्हाई.

कारभारी : सांगा तर खरं.

सिराजोद्दीन : मयत. मृत्यूचा दाखला नंतर लावता येतो. आज घरातल्या मोठ्या माणसाचा सहीचा जबाब चालतो. कधी वारले, कुठं वारले.

कारभारी : माझा भाऊ जित्ता हाय!

सिराजोद्दीन : मंग हयात. संपला विषय. बेटी, फॉर्म दे इकडं, परत घे तुझे कागद.

बेबीनंदा : घ्या, चाचा. राहू द्या काका, नका त्रास करून घेऊ. नाव कमी झालं तर झालं. बाबा येतील तवा मीच सांगीन त्यांना, काकांनी लई खटपट केली म्हणून.

कारभारी : असं बोलू नको.

बेबीनंदा : का? येणारच हायेत ना ते?

कारभारी : बेबी, गप बस म्हणतो ना! रोज येतोय तो. डोळा लागला की उशाशी बसतो माझ्या. तुला काय सांगू?

सिराजोद्दीन : पावणेपाच झाले, कारभारीभाऊ. शिपाई गठ्ठा बांधायला येईल.

कारभारी : लिहा.

सिराजोद्दीन : काय लिहू?

कारभारी : मयत लिहा. फॉर्मापुरतं. पोरीचं शिक्षण होऊ द्या.

सिराजोद्दीन : तारीख?

कारभारी : अंदाजानं टाका काहीतरी.

सिराजोद्दीन : अंदाज चालत न्हाई. जबाब तुमचा, सही तुमची. चुकीचं निघालं तर माफी रद्द होती आन पोरगी घरी बसती.

कारभारी : रद्द व्हायला नको.

सिराजोद्दीन : मंग सांगा.

कारभारी : सोळा फेब्रुवारी. गुरुवार होता.

सिराजोद्दीन : साल?

कारभारी : पंचाण्णव.

सिराजोद्दीन : ठिकाण?

कारभारी : फडाच्या खाली. ओढ्याच्या अंगाला, जुळ्या बाभळी हायेत तिथं.

सिराजोद्दीन : एवढं लिहायला जागा न्हाई ह्या खान्यात. मागच्या बाजूला लिहितो. हां. इथं सही करा. पूर्ण नाव. आता हा शिक्का, आन हा आवक नंबर, चारशे बारा. झालं.

बेबीनंदा : काका, तुम्ही तर वीस तारीख म्हणला होता. सोमवार. पहाटे उठून बघितलं तर बाबा जाग्यावर न्हाई.

कारभारी : आं?

बेबीनंदा : मंग गुरुवारपासून सोमवारपर्यंत कुठं होते ते?

कारभारी : तारीख लागती म्हणून सांगितली काहीतरी. डोस्कं चालंना माझं.

बेबीनंदा : जुळ्या बाभळी बी काहीतरीच सांगितल्या?

कारभारी : भाईसाब, तो कागद द्या माघारी. खाडाखोड झाली असंल, नवा करू.

सिराजोद्दीन : आता न्हाई मिळायचा. आवक नंबर पडला की कागद ऑफिसचा. मलाबी परत देता येत न्हाई, प्राचार्यांना बी न्हाई.

कारभारी : एका कागदाचं काय एवढं घेऊन बसलाय? द्या म्हणतो ना.

सिराजोद्दीन : हात खाली घ्या. बाहेर व्हरांड्यात पोरं उभी हायेत सगळी.

कारभारी : चल बेबी. बस गाडीवर. घरी बोलू.

बेबीनंदा : मी येत न्हाई.

कारभारी : चल म्हणतो.

सिराजोद्दीन : ती थांबंल. तिची सही प्राचार्यांच्या समोर लागती, आन ते मीटिंगला गेलेत. सहा वाजतील, सात बी वाजतील. मस्तगडला माझं घर हाय, घरी माझी बायको गौहर हाय, तिच्या आईसारखी. सकाळच्या एस्टीनं येईल ती.

कारभारी : असं हाय का?

सिराजोद्दीन : असंच हाय.

कारभारी : थांबू दे मंग. म्या तुझं वाईट केलं न्हाई, बेबी. तुला दिलेला शब्द पाळला. तुला म्हंजे... ज्याला दिला त्याला.

बेबीनंदा : तुम्ही बाबांचं काय केलं, काका?

कारभारी : ती भजी खाऊन घे. मी निघतो. हे सगळं वहिनीला दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

(जिन्यावरून पावलं उतरत जातात. खाली फटफटी दोन किका खाऊन सुरू होते आणि आवाज फाटकाबाहेर लांब जातो.)

सिराजोद्दीन : गेला. बस, बेटी, बस खुर्चीवर. सुटलीस तू. हा कागद गठ्ठ्यात जाणार न्हाई आता, ठाण्यात जाईल. मी येतो बरोबर. आन फीची काळजी करू नको, ती माफ झाली असं समज. ऐकून राह्यलीस ना? काय बघतीस खिडकीतून?

बेबीनंदा : काकू नवरात्राची माहेरी गेलीय, चाचा. आई वस्तीवर एकटीच हाय.