काटे काढून देऊ का?

—न्या हो त्याला तुमच्या नर्सांच्या खोलीत, सिरपाताई, दोनच तास. माहितीये मला, इथे बाळ आईच्याच खोलीत ठेवतात — पण परवापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या, आता दुपार झाली, याचा बाबा, यार्क्को, अजून आला नाही. हे बघा, परत सुरू. का रडणार नाही? ओळखतो कुठे मला.

सकाळी विचारलंत ना, पोटात असताना बोलायचीस का त्याच्याशी — मी हो म्हटलं. खोटं बोलले. एक शब्द नाही बोलले. आधीच्या मुलीशी बोलायचे, उठल्यापासून झोपेपर्यंत — अंघोळ करताना गाणी, बसमधून जाताना 'बघ गं, नदी गोठली'. सरकारकडून बाळाच्या कपड्यांची पेटी येते ना, ती आली तशी उघडली, इवलेसे कपडे धुतले, घड्या घातल्या. आठव्या महिन्यात ती हलायची थांबली. कपडे परत पेटीत मीच भरले, यार्क्कोला हात लावू दिला नाही. म्हणून या खेपेला ठरवलं, जीव लावायचा नाही. नवी पेटी आली, तिची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही अजून. पोटावर कधी हात ठेवला नाही. कुणी विचारलं कितवा महिना, की मी म्हणायचे, सॅमन देऊ की हेरिंग — मासळीचा गाळा आहे ना आमचा, तुर्कूच्या बाजारात, शेवटच्या आठवड्यापर्यंत उभी होते तिथे. दिवसभर तोंड चालू, पण ते गिऱ्हाइकांशी. याला कळलंच असेल की, ही बाई आपल्याशी बोलत नाही.

गप्प झाला वाटतं. पाळणा हलवलात ना तुम्ही? नाही हलवलात? मग...

झालं, लागला रडायला. मी बोलायची थांबले म्हणून? काहीतरीच काय, ताई. थकलाय तो, मीही थकलेय — आता बोलू तरी काय? गाणी तिची आहेत सगळी, ती मला दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत. मला दुसरं येतं काय — सॅमन घ्या, पहाटेच आलाय, हात लावून बघा. हेरिंग बारीक आहे, पण तळायला छान, राय धान्याच्या पिठात घोळवायची नुसती. वर शेपूची जुडी देते, तिचे पैसे नकोत. किलोभर करू? काटे काढून देऊ का?

माझ्याकडेच बघतोय.

ऐकत होता हा, सिरपाताई. सगळे महिने. मी तोंड फिरवून बसलेले, आणि हा आपला कान देऊन... कुणी सांगितलं होतं याला, एवढं मन लावून मासळीचे भाव ऐकायला?

राहू द्या पाळणा. राहू द्या म्हणते ना. जा तुम्ही, बाकीच्या बायका खोळंबल्या असतील. आणि यार्क्को आला की त्याला आधी घरी परत पाठवा — म्हणावं, पेटी उघड. दार ओढून घ्या जाताना.