चौदाव्या दिवसाची अंडी आणि न सापडणारी फाइल

...नाही पण मला एक सांगा, समोर दिसणारी वस्तू 'नाही' कशी असेल? तुम्ही खुर्चीवर बसलाय, मी तुमच्याकडे बघतोय, तुम्ही माझ्याकडे बघताय, आणि मी तुमच्या तोंडावर म्हणतोय, 'अहो, तुम्ही आलाच नाहीत!' कसं वाटेल? वाटेल ना काहीतरी? मग मला कसं वाटलं असेल! सहा तास एक यंत्र माझ्या तोंडावर सांगतंय, 'फाइल नाही,' आणि मी त्याला सांगतोय, बाबा रे, फाइल आहे! ही काय. आहे!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल माणूस कामाने खचलाय. खचलोच आहे, पण ते वेगळं. आमची कंपनी छोटी. साहेब, मी आणि सोल्डरिंग करणाऱ्या दोन बायका. आम्ही कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र बनवतो. कपाटाएवढं... कपाट कसलं, खोलीच म्हणा, दार उघडून माणूस आत उभा राहतो. आत ट्रे, ट्रेमध्ये अंडी, आणि यंत्राने मुख्य कामं दोनच करायची. ऊब साडेसदतीस डिग्रीवर धरायची आणि दर तासाला ट्रे या कुशीवरून त्या कुशीवर कलते करायचे. कोंबडी करते तेच. फक्त कोंबडीला लिनक्स लागत नाही, आमच्या यंत्राला लागतं! तळहाताएवढा बोर्ड, बोर्डावर लिनक्स, लिनक्सवर माझा प्रोग्रॅम. कोंबडी सकाळी आपली आपण उठते. प्रोग्रॅम उठला तर उठतो.

तर आमच्या एक गिऱ्हाईक आहेत, हॅचरीवाल्या, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या ताई, त्यांचा फोन आला. त्यांची पहिली बॅच वाया गेली होती, कारण आमचं यंत्र आतला ओलावा चुकीचा दाखवत होतं. आमचीच चूक, मी नाही म्हणत नाही. दुसरी बॅच लावली होती, चार हजार आठशे अंडी. ताई म्हणाल्या, 'दादा, ही पण गेली ना, तर मी शटर ओढणार आणि परत शिलाईच्या कारखान्यात जाऊन बसणार. बारा वर्षं बसले, अजून बसेन.' रागावून नाही हो म्हणाल्या, शांतपणे म्हणाल्या. रागावणाऱ्या माणसाला मी बधत नाही, तीस वर्षांत सवय झालीय, पण शांत माणसाची मला फार भीती वाटते.

म्हणून मी ओलाव्याचा हिशोब दुरुस्त करून नवा प्रोग्रॅम घेऊन स्वतः गेलो. माझ्या टेबलावरच्या बोर्डावर आठ दिवस चालवून बघितला होता, आठ दिवस! खोटं बोलत नाही. सकाळी नऊला पोचलो, अंड्यांचा चौदावा दिवस. अठराव्या दिवसापर्यंत ती फिरवावी लागतात, नाहीतर पिल्लू आत कवचाला चिकटून बसतं, ते मग काही बाहेर येत नाही. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे ताई, चहा टाका. टाकला. प्रोग्रॅम चढवला, यंत्र बंद करून चालू केलं... पडदा काळा. मधे एकच ओळ. 'ओलाव्याची लायब्ररी : अशी फाइल नाही.'

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. त्याचं असं आहे, प्रोग्रॅम सगळी कामं स्वतः करत नाही, मोठ्या माणसांचं असतंच तसं. ओलावा मोजायचं काम एका वेगळ्या फाइलकडे दिलेलं असतं, तिला आमच्यात लायब्ररी म्हणतात. प्रोग्रॅम उठला की आधी तिला बोलावतो. बोलावून आणायला एक वेगळा गडी ठेवलेला असतो, त्याला म्हणतात लोडर. लोडर तिला घेऊन आला तर प्रोग्रॅम कामाला लागतो, नाही आला तर आहे तिथे आडवा होतो. आणि हा लोडर मला सांगतोय, अशी फाइल नाही! मी बघितलं. यादी काढली. नाव बरोबर, जागा बरोबर, तारीख आजची. फाइल आहे हो! आहे!

ताई चहाचा कप घेऊन दारात. 'दादा, ट्रेची मोटार फिरली नाही.' मी म्हटलं, फिरेल, दोन मिनिटं. 'दहा वाजले.' मी म्हटलं, हो. कप खाली ठेवला, चपला काढल्या, यंत्राचं दार उघडलं आणि बाई आत गेल्या हो! मोटारीची कडी सोडवली आणि एकेक ट्रे हाताने कलता करायला लागल्या. बत्तीस ट्रे, एकेकात दीडशे अंडी. आतली ऊब बाहेर जायला नको म्हणून दार लोटून घेतलं. मी बाहेर लॅपटॉप मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेलो, आणि आतून एकेक ट्रेचा आवाज येतोय, खट्... खट्... आणि प्रत्येक खट् आपला माझ्या कपाळावर.

आता हीटर? तोही प्रोग्रॅमच चालवायचा ना! तर ताईंच्या सासूबाई आल्या. खुर्ची ओढली, दाराच्या काचेतून आतला थर्मामीटर दिसेल अशी बसल्या, एक हात हीटरच्या बटणावर. आणि जे काय चालू झाल्या! 'सदतीस पॉइंट सात... पॉइंट आठ... बंद केला हं मी. पॉइंट सहा... पॉइंट चार... चालू केला. कळलं का हो? चालू केला.' कळलं, आजी. 'नाही, तुमचं यंत्र सांगत नाही ना, म्हणून म्हटलं आपण सांगावं.'

साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज माहितीये तुम्हाला? पोटातून येतो. 'अरेऽऽ, बंद करून चालू केलंस का?' केलं, साहेब. 'मग परत एकदा कर.' केलं. 'मग जुना प्रोग्रॅम टाक ना परत!' साहेब, जुना पुसला. नवा टाकताना जुना पुसावाच लागतो, दोन्ही मावतील एवढी मेमरी बोर्डावर नाही, तुम्हीच म्हणाला होतात ना, एवढीशी चिप बस झाली, अंडीच तर उबवायचीत! '...हं. मग परत एकदा बंद करून चालू कर.' आमच्याकडे वरिष्ठांचं मार्गदर्शन असं असतं.

मग मी माणसाने करू नये ते सगळं केलं. लायब्ररी उचलली, दुसऱ्या जागी ठेवली. नाही! तिसऱ्या जागी. नाही! लोडर जिथे जिथे म्हणून बघत असेल तिथे तिथे ठेवली, नऊ जागी एकच फाइल! नाव तपासलं, वाचायची परवानगी तपासली, सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या. यंत्र म्हणतंय, 'अशी फाइल नाही.' अरे, नऊ ठिकाणी आहे! काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली याची. अकरा वाजले. आत खट्... खट्...

शेवटी म्हटलं, याच्या मागे लागल्याशिवाय हा सरळ यायचा नाही. लोडरला एक सोय असते, सांगता येतं की बाबा, बोलत बोलत काम कर, कुठे कुठे बघतोस ते छापत जा. छापायला लावलं. आणि काय सांगू, जन्मात कधी तोंड न उघडलेला माणूस बोलायला लागावा तसा! 'इथे बघतो... तिथे बघतो... पलीकडे बघतो...' पानंच्या पानं! मी बोट ठेवून ठेवून वाचतोय. आणि जिथे फाइल आहे, नेमक्या त्या जागी गेला होता हो पठ्ठ्या! 'इथे बघतो.' आणि पुढची ओळ काय? 'तिथे बघतो.' म्हणजे इथे काय झालं? काही नाही! नऊच्या नऊ दारी गेला आणि नऊ दारांवरून मुकाट्याने पुढे निघून गेला. आतून सासूबाईंचा... नाही, बाहेरूनच, 'पॉइंट आठ, बंद केला हं.' मी म्हटलं, या लोडरपेक्षा ही बाई बरी, निदान कारण तरी सांगते.

मग आमचे काका आठवले. काका म्हणजे आमच्याकडून निवृत्त झालेले इंजिनिअर, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. फोन लावला. काका हळू बोलतात, प्रत्येक शब्द चावून. 'तू... लोडरचं... ऐकू नकोस. तो... काय... करतो... ते बघ.' म्हणजे कसं काका? 'एसट्रेस... लाव.' हा एसट्रेस म्हणजे माग काढणारा प्रोग्रॅम. समोरचा काय बोलतो ते सोडा, त्याने कुठलं दार उघडलं, आत काय वाचलं, कधी बाहेर पडला, सगळं टिपून घेतो. आमच्या बोर्डावर नव्हता, अर्थात. लॅपटॉपमधून चढवला. चालू केला. आणि पडद्यावर काय आलं असेल? सांगा ना, काय आलं असेल? 'एसट्रेसची लायब्ररी : अशी फाइल नाही.'

मी हसलो. खरंच हसलो. ताई दार किलकिलं करून बघायला लागल्या, घामाने चिंब, केस कपाळाला चिकटलेले. 'झालं का हो दादा?' मी म्हटलं, नाही ताई, हरवलेल्याला शोधायला माणूस पाठवला होता, तोही हरवला. ताईंनी दार लावून घेतलं. ते दार लावणं मला अजून ऐकू येतं.

परत काका. 'अरे... सगळं... पोटात घेऊन फिरणारा... टाक ना.' म्हणजे ज्याला कुणाच्याच लायब्ररीची गरज नाही, स्वतःचं सगळं स्वतःच्या आत, असा एसट्रेस बांधायचा. जाडजूड होतो, पण कुणापुढे हात पसरत नाही. तो बांधायला दोन तास! दोन तासांत ताई दोनदा आत गेल्या, आणि तिसऱ्यांदा मी म्हटलं, ताई, तुम्ही बसा, मी जातो. गेलो. तुम्हाला सांगतो, सदतीस डिग्रीत, ओल्या हवेत, बत्तीस ट्रे! बाराव्या ट्रेला माझी कंबर धरली. आणि तिथे वाकलेला असताना मला पहिल्यांदा नीट कळलं की आत हालचाल आहे. चौदा दिवसांचं पिल्लू असतं ते, अंडं नसतं. मला वाईट वाटलं. म्हणजे खरोखर वाईट वाटलं, उगाच म्हणायचं म्हणून नाही.

सव्वादोन वाजता नवा एसट्रेस चालला. आणि सगळं दिसलं हो, सगळं! लोडर फाइलच्या दारी गेला. दार उघडलं... उघडलं! म्हणजे सापडली की! आत डोकावला. पहिल्या चार ओळी वाचल्या. दार लावलं. आणि पुढे चालता झाला! नऊ दारं उघडली, नऊदा चार ओळी वाचल्या, नऊदा दार लावलं, आणि मालकाकडे येऊन काय सांगतो? 'अशी फाइल नाही'! अरे, नाही कशी? आवडली नाही म्हण! चालणार नाही म्हण! सहा अक्षरं जास्त लागली असती रे तुला!

आता नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. त्या पहिल्या चार ओळींत असं काय लिहिलंय? फाइल लॅपटॉपवर घेतली, उघडून बघितली. तर ती लायब्ररी होती आमच्या जुन्या बोर्डाची. जुना बोर्ड आणि नवा बोर्ड सख्ख्या बहिणी, नाव एक, तोंडवळा एक, पण आकडेमोडीची पद्धत वेगळी, एकीचं दुसरीला चालत नाही. ही जुन्या बोर्डाची फाइल नव्या प्रोग्रॅमच्या गाठोड्यात कुणी बांधली? चौकशी करायला तिथे माणूस एकच होता, स्टुलावर बसलेला. माझ्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे, त्याचं नाव 'न्यू'. त्यातून उचलली. ते फोल्डर मी सात वर्षांपूर्वी केलं, तेव्हा तो जुना बोर्ड नवा होता! त्यानंतर आला खरा नवा बोर्ड, त्याचं फोल्डर 'न्यू न्यू'. आणि मी घाईत एक 'न्यू' कमी उचलला.

मग माझ्या टेबलावर आठ दिवस कसं चाललं? तर टेबलावरच्या बोर्डाला मीच कधीतरी सांगून ठेवलंय, की काही लागलं तर आधी माझ्या खासगी फोल्डरात बघ. तिथे बरोबर फाइल होती. म्हणजे माझ्यापुरतं चालत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला शिव्या घालणार?

बरोबर फाइल टाकली. किती वेळ लागला असेल? दोन सेकंद. पडदा उजळला, हीटर आपणहून बंद झाला, सासूबाई दचकल्या, 'मी नाही हं केला!' ताईंनी मोटारीची कडी परत बसवली, आणि तीन वाजता मोटार घुं करून बत्तीसच्या बत्तीस ट्रे एकदम कलते! ताई बघत राहिल्या. म्हणाल्या, 'काय झालं होतं?' मी म्हणू शकलो असतो, तांत्रिक अडचण होती. पण कंबर दुखत होती हो, खोटं बोलायला पण ताकद लागते. म्हटलं, ताई, चुकीची फाइल मीच आणली होती. त्या म्हणाल्या, 'मग यंत्र काही चुकीचं बोलत नव्हतं.' मी म्हटलं, नाही, पण बोलायची एक पद्धत असते!

पुढचे सात दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. एकविसाव्या दिवशी फोन केला नाही, धीरच झाला नाही. पुढच्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर पत्र. सासूबाईंनी सांगितलेलं, ताईंनी लिहिलेलं. 'पिल्लं निघाली. चार हजार तीनशे बारा. शटर ओढत नाही.' एवढं वाचून मी खाली बसलो. साहेबांनी पुढचं मोठ्याने वाचलं. 'तुमची यंत्रं ज्यांच्याकडे नीट चालतात त्यांना आम्ही विचारलं, त्यांच्याकडे एवढी निघत नाहीत. यावरून आमचं असं ठरलं आहे की चौदाव्या दिवशी यंत्र सहा तास बंद पडणं चांगलं. तरी दर बॅचला आपला माणूस पाठवून ते बंद पाडून द्यावं. आम्ही स्वतः प्लग काढून बघितला, पण ते तसं होत नाही.'

मी म्हटलं, साहेब, याला काही शास्त्र नाही! साहेबांनी चष्मा काढला. 'म्हणजे गिऱ्हाईक खूश आहे ना?'

झालं! आता दर बॅचच्या चौदाव्या दिवशी मी जातो. चांगली फाइल काढतो, चुकीची ठेवतो, पडदा म्हणतो 'अशी फाइल नाही', मी म्हणतो, हो बाबा, नाही. सासूबाई खुर्ची ओढून बसतात, ताई आणि मी आळीपाळीने आत जातो, तीन वाजता चांगली फाइल परत ठेवतो आणि कंबर धरून घरी येतो. साहेबांनी बिलावर त्याला 'विशेष सर्व्हिस' असं छापून घेतलंय. तीस वर्षं यंत्रं चालू ठेवायला शिकलो हो मी, तीस वर्षं! आणि परवा एका भलत्याच हॅचरीतून फोन. 'तुम्हीच ना ते, यंत्र बंद पाडणारे? अहो, आमचं कधीपासून नीट चालतंय, कुणी लक्षच देत नाही. कधी येताय?'

म्हटलं, गुरुवारी येतो.